दोनदा क्लच

एकोणीसशे तीसची फोर्ड.
सावईकरांच्या वखारीत काजूच्या गोणींमागे
सत्तावीस वर्षं उभी होती.
मी ती घेतली तेव्हा घरच्यांनी
आधी गाडीचं साल विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं,
आणि बेरीज मनातच ठेवली.

शिकवायला इनास मेस्त.
कुर्टीच्या बसथांब्यामागे त्याचं गॅरेज :
एक फणस, फणसाला टांगलेली टायरं,
आणि एक खुर्ची, तिच्यावर कायम कुणाचा तरी कार्ब्युरेटर.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"ह्या ग-ग-ग..."
"गाडयेक?" मी.
त्यानं मान हलवली, पुन्हा सुरुवात केली.
"ग-गियरांक," तो म्हणाला, "दांत आसात."

नव्या गाड्यांत मधे पितळेची एक कडी असते,
मध्यस्थासारखी. दोघांना एका वेगावर आणते,
मगच हातात हात देते.
इथे मध्यस्थ नाही.
ही सोयरीक आपली आपणच जुळवायची.

क्लच दाब. दांडा मधे आण. क्लच सोड.
आणि थांब.
इंजिन एकटं फिरतंय, चाकं एकटी फिरताहेत,
एकाच घरातली दोन माणसं
वेगवेगळ्या खोल्यांत गुणगुणत असावीत तशी.
वरचा गियर हवा तर आवाज खाली उतरू दे.
खालचा हवा तर त्या मोकळ्या जागेत
ॲक्सिलरेटरला एक टिचकी, जास्त नको.
मग पुन्हा क्लच.
दांडा ढकलायचा नाही, नुसता टेकवायचा;
वेळ झाली असेल तर तो आपणहून आत जातो.

"किती थांबायचं? सेकंदांत सांग."
इनासचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.
"मात्शें," मीच म्हणाले.
तो मात्र "म-मात्शें" म्हणून मोकळा झाला,
माझं उत्तर त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

मात्शें म्हणजे किती, हे कुणी मोजलेलं नाही.
बोरीच्या पुलाखाली भरती वळताना
पाणी जेवढं उभं राहतं, तेवढं असेल.
मला ते जमेना. करकर. पुन्हा करकर.
पायरीवर बसलेले टॅक्सीवाले दात धरायचे.

म्हार्दोळच्या शाळेत एकतीस वर्षं बीजगणित शिकवलं.
फळ्यापाशी खडू घेऊन अडलेली पोरं...
क्ष ची किंमत त्यांच्या जिभेवर येत असायची
आणि मी ती आधीच बोलून टाकायची,
तास संपायला हवा म्हणून.
प्रदोष नावाचा एक मुलगा खडू ठेवून
जागेवर जाऊन बसला होता. काही बोलला नव्हता.
तो आवाज मला आत्ता ऐकू येतो,
फर्मागुडीच्या चढावर, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे.

अकराव्या दिवशी त्याच चढावर
तिसऱ्यातून दुसऱ्यात आले
आणि काहीच ऐकू आलं नाही.
मला वाटलं, गियर पडलाच नाही.
इनासनं गुडघ्यावर एक बोट वाजवलं, इतकंच.

माथा ओलांडला. उतार लागला.
"ब-ब-ब..." इनास म्हणाला.
मी थांबले. आता मी शहाणी झाले होते.
त्याला त्याचा वेळ दिला, चेहरा शांत ठेवला,
मधली जागा अगदी मोकळी सोडली.
"ब-ब-ब्रेक!"

म्हैस वळणावरच उभी होती.
सळयांचे ब्रेक, चारही चाकांनी वेगवेगळं मत दिलं,
गाडी तिच्यापासून हातभर अलीकडे थांबली.
तिनं दिव्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

आधी इनासला हसू आलं. डोळे पुसत म्हणाला,
"तेन्नां सांगपाचें न्ही गो, बाये!"
अख्खं वाक्य, एकदाही न अडता.

म्हशीला घाई नव्हती.
दांडा मधे होता, इंजिन आपल्याशीच बोलत होतं,
मागे दोन स्कूटर आणि एक पाववाला.
कुणी हॉर्न दिला नाही. पाववाल्यानं दिला, एकदाच, सवयीनं.

ती गेल्यावर मी पहिला टाकला.
थोडी करकर झाली.
इनास बाहेर बघत राहिला,
काही ऐकलंच नाही असा.